हळू सांगायच्या गोष्टी

"तुम्ही कुणाला बोललात का?" गल्लीतला टेलर दुकानात शिरला तोच ओरडत. दाढी वाढलेली, पण खुर्चीत काही बसला नाही.

पुढे आमचं सलून, मागे घर, मध्ये एक पडदा. भांडी घासता घासता मला सगळं ऐकू येतं. शिवाय आमच्या ह्यांच्याशी सगळे ओरडूनच बोलतात. हे कित्येक वर्षं जवळजवळ बहिरेच. गंमत म्हणजे ज्या गोष्टी माणूस कुणाजवळ काढत नाही, त्या लोक ह्यांच्याच खुर्चीत बसून पुटपुटायचे. ह्यांना ऐकू येत नाही म्हटल्यावर भीती कसली? मन मोकळं करायचे आणि गुळगुळीत गालांनी घरी जायचे.

मग आमच्या मुलानं कानात घालायचं नवं यंत्र आणलं. शेंगदाण्याएवढं. केसांखाली दिसायचंसुद्धा नाही.

"फुकट आहे, आई. फक्त जे ऐकू येईल ते कंपनीकडे जातं, यंत्र सुधारायला."

"आमचं काय ऐकणार मेले? गुडघे दुखतात आणि भाजी महागली. ऐका म्हणावं पोटभर!"

आणि खरं सांगते, फार सुख लागलं हो. पहिल्याच दिवशी मी आतून पुटपुटले, "पंखा आपला सदा चालू," तर बाहेरून हे म्हणाले, "करतो बंद, चिडू नकोस." मी रडलेच. नवऱ्याशी हळू आवाजात भांडायला मिळावं, आणखी काय पाहिजे?

आणि ती गाठ. डाव्या छातीत हाताला लागत होती. घसा फोडून कशी सांगणार होते मी? सगळ्या गल्लीला कळलं असतं. एका संध्याकाळी ह्यांच्या कानाशी बसले आणि सांगून टाकलं. त्याआधी ना डॉक्टरला, ना मुलाला. ह्यांनी माझा हात धरून ठेवला. "सोमवारी दोघं जाऊ दाखवायला," म्हणाले.

गिऱ्हाइकांना मात्र ह्यांनी यंत्राचा पत्ता लागू दिला नाही. "कळलं तर गप्प बसतील गं. इतक्या वर्षांनी माणसं ऐकतोय."

टेलरला कुठून कळणार?

"माझे हात कापतात, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं," तो म्हणत होता. "बोललो ते फक्त इथं. आणि काल विम्यावाल्या बाईचा फोन. बायकोनं उचलला. तर ती विचारते, मिस्टरांचे हात कधीपासून कापतात? अहो, तुम्हाला तर ऐकू येत नाही! मग गेलं कुठून?"

ह्यांनी वस्तरा पुसून ठेवला. केस बाजूला केले आणि कान दाखवला.

टेलर बघतच राहिला. मग आवाज खाली आणून बोलला. "मला वाटलं, तुम्ही तरी..." वाक्य तसंच सोडून पायऱ्या उतरला. हे दारापर्यंत गेले, हाक मारली. त्यानं मागे पाहिलं नाही.

हे आत आले आणि यंत्र काढायला लागले.

"दुकानात नका घालू. घरात राहू द्या," मी म्हटलं. "माझ्यासाठी तरी."

"घरातलं काय तिथं जात नाही?"

"जाऊ दे जातंय तर! मला काय त्याचं!"

पण यंत्र निघालं होतं. पुढचं काही ह्यांना ऐकू गेलं नाही. मी हळू आवाजातच भांडले, रडले. हे माझ्या ओठांकडे बघत राहिले, लहान मुलासारखे. इतका राग आला होता मला ह्यांच्या भलेपणाचा!

दुपारी माझा फोन वाजला.

"नमस्कार ताई," फार गोड आवाज होता. "डाव्या बाजूची गाठ दुखते का हो आता? आमची एक योजना आहे..."

सोमवार तर अजून यायचा होता. मी फोन बंद केला. पडदा बाजूला सारला. खुर्चीत एक नवीन गिऱ्हाईक डोळे मिटून बसलं होतं, हे त्याच्या गालाला साबण लावत होते.

माझा चेहरा आणि हातातला फोन पाहून ह्यांनी विचारलं, "काय झालं? कुणाचा फोन?"

सांगायचं तर ओरडावं लागणार होतं. मी मान हलवली, कुणाचा नाही. ह्यांनी वस्तरा उचलून त्या माणसाची हनुवटी वर केली.