चिंध्याचा गाडा कॅमेरा घेऊन गेला

१९९३ सालच्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता देवचंदने दाराची कडी वाजवली. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं. मी चिंध्याचा पांगुळगाडा. तीन लाकडी चाकं आणि लेकराने धरायला आडवा दांडा, एवढाच मी.

धरणगावच्या छगन सुताराने मला घडवलं. चिंध्याच्या मामाने एसटीच्या टपावर टाकून जळगावला आणलं. गाडा पुढे पळून लेकरू तोंडावर पडू नये, म्हणून छगनने चाकं मुद्दाम आवळून बसवली होती. त्यामुळे मी फार कुरकुरायचो.

चिंधा दीड वर्षाचा झाला तरी एकटा पाय टाकत नव्हता. माझा दांडा धरून उभा राहायचा, हात सोडवला की मटकन बसायचा. त्याच्या आईचं, सुमनचं, आधीचं बाळ गेलेलं. म्हणून तर दृष्ट लागू नये असं ह्याचं नाव ठेवलं. डॉक्टरांना ती दोनदा विचारून आली. ते म्हणाले, थांबा. पण आईला थांबता येतं का? सासू भागाबाई म्हणायची, सारखं कडेवर घेऊन तूच त्याचे पाय बसवलेस.

देवचंद शेजारच्या खोलीत राहायचा. शिरपूरकडचा पोरगा, युनिव्हर्सिटीत सिनेमा काढायला शिकत होता. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाया त्याने खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपल्या होत्या. सर म्हणाले, चित्र इतकं हलतं की बघताना एसटीत मागच्या सीटवर बसल्यासारखं वाटतं. आता त्याला चाकं हवी होती.

"ताई, गाडा द्या ना, दिवेलागणीला आणून देतो."

लेकराची वस्तू बाहेर द्यायला सुमनचा जीव होत नव्हता. पण त्याची परीक्षा होती. दिला.

जिनिंगमध्ये नेऊन देवचंदने कॅमेरा माझ्या दांड्याला उपरण्याने बांधला आणि मला दोरीने ओढू लागला. बाया काम सोडून, पदर सारखे करून फोटोला बसल्यासारख्या बसल्या. त्यातली पार्वताबाई म्हणाली, "भाऊ, आमले बी बसाड ना गाडावर." बठ्ठ्या जणी हसल्या. मग त्याने कॅमेरा बंद ठेवून मला नुसतंच चार वेळा ओढलं. पाचव्या वेळी कोणी बघेना. हात कापसात चालू लागले. तेव्हा कुठे त्याने बटण दाबलं.

पण माझी कुरकुर आवाजात येत होती. देवचंदने चाकं सैल केली, शिलाई मशीनचं तेल घातलं. मी पाण्यासारखा सरकलो. तो किती खूश झाला. मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. पण मला सांगता थोडंच येतं.

संध्याकाळी त्याने मला पुसून परत आणलं. सुमनने उलटासुलटा करून पाहिलं, कुठे काही मोडलेलं नव्हतं. तिने चिंध्याला उभं केलं. त्याने जोर लावला आणि मी सुटलो तो थेट रांजणाला धडकलो.

सुमन धावणार, तोच भागाबाईने तिचा हात धरला.

"हालू नको. पोऱ्या उभा शे."

चिंधा खरंच उभा होता. हात पुढे, जसा दांडा अजून हातात आहे. मग माझ्याकडे बघत एक पाऊल, दुसरं, तिसरं. चौथ्याला माझा दांडा त्याच्या मुठीत आला.

सुमन खालीच बसली. मग रडली. मग देवचंदला खूप बोलली, की चाकं सैल केलीस ते सांगायचं नाही? पोराचं डोकं फुटलं असतं म्हणजे?

तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, ताई. आणि कॅमेराही आत्ताच युनिव्हर्सिटीत देऊन आलो. हे टिपायला पाहिजे होतं."

"राहू दे भाऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "आम्ही बघितलं ना."

मग मला धरणगावला नेलं, छगनने माझी चाकं परत आवळली. त्यानंतर गल्लीतली तीन लेकरं मला धरून चालली. देवचंद आता धुळ्यात लग्नांची शूटिंग करतो. मी माळ्यावर आहे. एका चाकाला चीर गेलीय, पण मी धड आहे.

तुमच्या माहितीत कोणाचं लेकरू अजून उभं राहत नसेल, तर तेवढा निरोप द्या. त्या आईला म्हणावं, जिवाला इतकं लावून घेऊ नकोस. सुमनबाईकडे गाडा रिकामा आहे, येऊन घेऊन जा.