मसूदाच्या पदराचा नकाशा

मित्रांनो, मी आशियाचा नकाशा आहे; छापखान्यातला नव्हे, सुईदोऱ्याने शिवलेला. बहरीनमधल्या हूरा भागातल्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात माझा जन्म झाला.

त्या वर्षी 'आपला आशिया' हा विषय नव्यानेच सुरू झाला होता. शिकवायला होत्या फियोना मिस, मूळच्या वसईच्या. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक मिटलं. "अख्खा आशिया तुमच्या शेजारी राहतो. जा, त्यांच्याशी बोला, आणि त्यांनी दिलं तर एखादं कापड घेऊन या; त्या तुकड्यांचाच नकाशा शिवू."

मुलं कामाला लागली. जिकराने फिलिपिनो नर्सची ओढणी आणली, सादने जुफैर भागातल्या एका थाई आचाऱ्याचा रुमाल. बहरीन एवढंसं, की तिथे शर्टाचं पांढरं बटण शिवलं.

मेहरीनच्या वाट्याला बांगलादेश आला. तिच्या इमारतीचे जिने पुसणारी मसूदा तिकडचीच. आजवर मेहरीन तिच्या ओल्या फरशीवरून बूट वाजवत निघून जायची. आता ती पायरीवर बसून तिचं ऐकू लागली. मसूदाने गावी ठेवलेल्या लेकीबद्दल सांगितलं, नदीबद्दल सांगितलं, आणि एके दिवशी आपल्या ईदच्या हिरव्या साडीचा पदर कापून दिला.

मेहरीनची आई झोहरा, रत्नागिरीची, खवळली. "झाडूवालीकडं कापड मागतंस? लोकं काय म्हणतील?"

मेहरीनने ऐकलं नाही. माझ्यावर तो पदर शिवताना ती मैत्रिणींना ऐटीत सांगत होती, "मसूदा आंटी बघायला येणार आहे. मीच बोलावलंय तिला!"

प्रदर्शनाच्या दिवशी मला शाळेच्या दारात टांगलं. पाहुणे माझ्यापुढे फोटो काढत होते. "किती सुंदर! आशिया म्हणजे एकच कुटुंब!" मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मसूदा आली. केस विंचरलेले, अंगावर तीच साडी, आखूड पदराची. पहारेकऱ्याने हात आडवा धरला. "ओन्ली पेरेंट्स."

तिने आत बोट दाखवलं. "वो बच्ची मुझे जानती है. मेहरीन!"

पहारेकऱ्याने मेहरीनकडे पाहिलं. मैत्रिणींनीही पाहिलं. झोहराने लेकीचा हात घट्ट दाबला. मेहरीन गोरीमोरी झाली. मग तिने मान हलवली. नाही.

मसूदाने उचललेलं बोट खाली घेतलं. आली तशी परत गेली.

मेहरीनला भाषणाचं पहिलं बक्षीस मिळालं. विषय होता, 'माझे आशियाई शेजारी'. टाळ्या खूप पडल्या.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली आणि कात्रीने माझी शिवण उसवू लागली. फियोना मिस धावल्या. "अगं, काय करतेस हे?"

"मिस, हे तिचं आहे. तिला परत द्यायचंय." पोरगी हुंदके देत होती. झालेलं सगळं तिने सांगितलं. मिसनी कात्री हिसकावली नाही. उरलेले टाके त्यांनी स्वतः कापले.

पण मसूदाने तो तुकडा घेतला नाही. "अब इसका क्या करूँ, बेबी?" एवढंच म्हणाली आणि पुढची पायरी पुसू लागली. मेहरीनने तो आणून मिसच्या टेबलावर ठेवला. मिसनीही तो पुन्हा माझ्यावर शिवला नाही.

भोक पडलेला नकाशा दारात शोभत नाही, असं ठरलं. पुढच्या वर्षी तो विषयही गेला; परीक्षेत त्याला गुण नव्हते. आता मी खेळाच्या सामानाच्या खोलीत फुटबॉलांवर पांघरलेला असतो.

मित्रांनो, तुम्ही माझी धूळ झटकावी अशी माझी विनवणी नाही. देशांच्या राजधान्या पाठ करा, चित्रं रंगवा, भाषणं करा. पण ज्याच्या पायरीवर बसून त्याच्या घरादाराच्या गोष्टी ऐकल्यात, तो माणूस चारचौघांत तुमचं नाव घेऊन हाक मारेल, तेव्हा त्याला ओळख दाखवा. ते जमणार नसेल, तर त्याच्या दारी काही मागायला जाऊ नका.