एकवीस सिनेमे आणि एक पुसलेली ओळ

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झाले आहेत आणि शिवणीचा दोरा दोन ठिकाणी सुटला आहे. तेव्हा मी जुनी वही आहे, हे वेगळं सांगायला नकोच. शंभर पानी, एकेरी रेघांची. एका कारखान्यात एका बाईने मला सुईदोऱ्याने शिवलं, आणि नशीब असं, की मी गेलेसुद्धा एका शिवणाऱ्या बाईच्याच घरी.

तिला मी आईच म्हणते, कारण त्या घरात मला तोच शब्द सारखा ऐकू यायचा. ती खिडकीपाशी पायमशीन चालवायची. माझी खरी मालकीण तिची मुलगी, वय वर्षं बारा. आई तिला ठमी म्हणायची.

त्या उन्हाळ्यात पडदे लावताना आई स्टुलावरून पडली आणि तिचा उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला. मशीन बंद पडलं. जन्मात दुपारी न बसलेली बाई पाटावर पाय ठेवून बसून राहिली. कोपऱ्यावरचा कॅसेटवाला रोज एक सिनेमा घरी आणून द्यायचा.

"वहिनी, तुमच्या एका पायावर माझं दुकान चाललंय," तो म्हणायचा. "दुसरा जपा!"

"तुझ्या तोंडाला टाका घालायला हवा," आई म्हणायची, आणि दोघं हसायची.

ठमीला शाळेतून सुट्टीचा अभ्यास होता. घरी पाहिलेल्या सिनेमांविषयी दोन-चार ओळी लिहायच्या, आणि घरातल्या मोठ्या माणसाचंही मत घ्यायचं. तिने माझ्या प्रत्येक पानाचे दोन भाग केले. वर 'माझे मत', खाली 'आईचे मत'. पट्टीने रेघ मारली. मला फार अभिमान वाटला.

पहिला सिनेमा राजाचा होता. "हं, सांग आई."

"राजाचा कोट घाईत शिवलाय गं. डावा खांदा उतरलाय. एवढं राज्य सांभाळतो आणि शिंप्याकडे माप द्यायला उभं राहायला वेळ नाही याला."

ठमीने पेनाचं टोपण चावलं आणि लिहिलं : 'या चित्रपटातील भव्य दृश्ये मनाला भावतात.'

चौथ्या सिनेमात नायक खूप रडला. आई म्हणाली, "खोटं रडतोय मेला. रुमाल शोधत बसलाय. खरं रडू आलं की माणूस बाही ओढतो डोळ्यांवर." खाली उतरलं : 'अभिनय हृदयस्पर्शी आहे.'

मित्रांनो, मी त्यांच्या मध्ये उघडी पडलेली असायचे. सगळं ऐकायचे. पण वहीला कान असून काय उपयोग? जे हात लिहील तेच आमचं. त्या मुलीच्या मनात पाप नव्हतं. आपली आई शहाणी दिसावी, एवढंच तिला वाटायचं. ती शहाणी होतीच, हे कळण्याचं तिचं वय नव्हतं.

एकविसावा सिनेमा संपला तेव्हा ठमी कॅसेट परत द्यायला गेली होती. आईने मला जवळ ओढलं आणि कापडावर खुणा करायची पेन्सिल घेतली. जाड कापडाची सवय असलेला हात तो, असा दाबून लिहीत होता की माझी पाठ दुखली. पण काय सांगू, तेवढी एक ओळ लिहून घेताना मला जन्माला आल्यासारखं वाटलं.

ठमी परत आली. "आई, काय हे! बाईंना दाखवायची वही आहे. अक्षर बघ कसं आलंय!"

"मग पूस की. त्यात काय एवढं," आई म्हणाली आणि प्लास्टरवरचा धागा उचलत बसली.

ठमीने खोडरबर फिरवलं, कण फुंकून टाकले आणि वर लिहिलं : 'एकंदरीत सर्व चित्रपट बोधप्रद होते.'

शाळेत माझं फार कौतुक झालं. बाईंनी लाल शाईने शेरा दिला : 'सुंदर! आईंची मते प्रगल्भ आहेत.' ठमीने तो मोठ्याने वाचून दाखवला. "मी म्हटलं होतं का गं असं?" आईने विचारलं. "बरं झालं बाई." ती हसली, पण मला ते हसू काठाला दुमडून शिवल्यासारखं वाटलं.

पुढे मी चिंध्यांच्या ट्रंकेत गेले. ठमी परगावी गेली. मशीन वर्षानुवर्षं चाललं, मग हळू झालं, मग थांबलं.

या वर्षी आई गेली. खोली आवरायला ठमी आली, तिच्याही केसांत आता पांढरं दिसतं. सोबत तिची लेक होती. ट्रंक उपसताना लेकीने विचारलं, "आई, आजी सिनेमा बघून काय म्हणायची गं? मला तर ती शेवटी शेवटी गप्पच आठवते."

"थांब, सगळं लिहून ठेवलंय मी!" ठमीने आनंदाने मला उघडलं. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. चौथ्याला तिचा आवाज बारीक झाला.

"आजी असं बोलायची?" लेक म्हणाली. "हे तर धड्यातलं वाटतंय."

ठमी भराभर पानं उलटत शेवटपर्यंत गेली. एका तरी ओळीत आई सापडेल, म्हणून. 'आईचे मत' एकवीस वेळा होतं. आई कुठेच नव्हती.

"इथे काहीतरी दाबलंय बघ," लेकीने शेवटच्या पानावर बोट फिरवलं. मशीनच्या खणातून तिने पेन्सिल काढली, आडवी धरली आणि नाण्यावर कागद ठेवून घासतात तशी हलकेच फिरवली. काळसर पट्ट्यात पांढरी, वाकडी अक्षरं वर आली :

'इतके शिनेमे पायले. कपडे सगळ्यांनी घातले. शिवणारी येकात बी दिसली नाय.'

"ही आजी!" लेक ओरडली.

ठमीने बाही ओढून डोळ्यांवर धरली.

मित्रांनो, रडणाऱ्या माणसाची ती खूण कोणी सांगितली होती, हे तिला आठवत नाही. मला आठवतं. पण ते माझ्यावर लिहिलेलं नाही, म्हणून तिला मी सांगू शकत नाही. तुमच्या घरी कोणी बोलत असेल, तर ते जसं बोलतं तसंच लिहून घ्या, वाकडं तर वाकडं. आणि खोडरबर जरा लांब ठेवा.