मुलींच्या वसतिगृहासाठी दोन दाबा

जिवलीने टेबलावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर चढली आणि भिंतीच्या भोकातून निळी वायर खसाखसा ओढायला लागली. पलीकडच्या खोलीतून प्रफुल्ल ओरडला,

"हलू ग बाय! वायर हाय ती, जाळं नाय."

"जाळंवाले तुमी. आमी डोंगरातले, आमी असंच ओढतो."

प्रफुल्ल समुद्रकाठच्या घिवलीचा. घरची होडी भाऊ चालवायचा आणि हा बोईसरच्या कारखान्यांत फोन बसवत फिरायचा. अशाच एका कारखान्याने आश्रमशाळेला नवे फोन दिले होते, इंटरनेटवर चालणारे. ऑफिसात एक, स्वयंपाकघरात एक, मुलांच्या वसतिगृहात एक आणि मुलींच्या वसतिगृहाच्या ओट्यावर एक! आतापर्यंत कुणाच्या घरून फोन आला की शिपाई ऑफिसातून हाक मारायचा आणि पोरगी मैदान ओलांडून धावत येईपर्यंत निम्म्या वेळा पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. म्हणून दहावीच्या सगळ्या वर्गात या कामाला हात लावायला जिवलीच पहिली धावली होती.

खाली उतरून तिने वायरचं साल काढलं. आतले आठ रंगीत धागे तिने प्रफुल्लला विचारून केव्हाच पाठ केले होते, तेही नाचाच्या चालीवर. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. धागे ओळीत लावून तिने टोकाला प्लास्टिकची पिन बसवली आणि पक्कडीने कचकन दाबली. प्रफुल्लने पिन उजेडात धरून पाहिली.

"आमच्या कंपनीत एक पोरगा हाय, त्याला अजून नाय जमत."

जिवली हसली नाही. ती कोपऱ्यातल्या जुन्या काळ्या फोनकडे बघत होती.

"जुना नंबर बंद होनार काय?"

"नाय. जुनी लाइन या नव्या फोनच्या डब्यात घातली. नंबर तोच. का ग?"

"आयेला तोच येतो. तिला आकडे वाचता नाय येत. बोटाला पाठ हाय."

तिचे आई-बाबा दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. आई दर रविवारी दुपारी मुकादमाचा फोन मागून घ्यायची. गेल्या रविवारी ती हळू आवाजात म्हणाली होती, "धाकट्याला सांबाळाय कोन नाय. तुझा बाबा बोलतो, जिवलीला घेऊन येतो. दहावी काय, पुढल्या वर्षी पन व्हईल. मी बोलते त्याच्याशी. रविवारी सांगते तुला." तेव्हापासून जिवलीने आपली पत्र्याची पेटी आवरलीही नव्हती आणि विस्कटलीही नव्हती.

संध्याकाळी आवाजाचा प्रश्न निघाला. बाहेरून फोन आला की आधी एक बाई बोलणार, मग ज्याला जो विभाग हवा त्याने त्या विभागाचा आकडा दाबायचा. प्रफुल्लच्या लॅपटॉपवरची बाई मात्र हिंदीत बोलत होती.

"हे नको हो," अधीक्षिका उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. "आपलं मराठी पाहिजे. माझा तर घसा बसलाय. जिवली, तू बोल. तालुक्याला वक्तृत्वात ढाल कुणी आणली?"

जिवलीने वेणी मागे टाकली, ताठ उभी राहिली आणि बोलली. स्पर्धेत बोलली होती तशी, नव्हे, त्याहून सरस. एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं. "नमस्कार. आमच्या आश्रमशाळेत आपले मनःपूर्वक स्वागत आहे. कार्यालयासाठी एक दाबा. मुलींच्या वसतिगृहासाठी दोन दाबा." सहावीत याच तोंडाने 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून वर्ग हसला होता. आता प्रफुल्लने टाळी वाजवली.

"बातम्या देनारी वाटते!"

ती तर अंगणभर उड्या मारतच जेवायला गेली. आई फोन लावेल आणि आधी आपणच बोलू! काय चकित होईल ती!

रविवारी जेवणं झाली तशी जिवली ओट्यावरच्या नव्या फोनसमोर मांडी घालून बसली. पोरींनी चिंचा आणल्या, तिने घेतल्या नाहीत. भांडी घासून झाली. सावली पायरीवरून अंगणात उतरली. फोन गप्प होता. शेवटी ती ऑफिसात गेली.

स्वयंपाकघरातला फोन खरखरतो म्हणून प्रफुल्ल आलेलाच होता. उत्कर्षा मॅडम त्याला टेबलावरच्या फोनचा छोटा हिरवा दिवा दाखवत होत्या.

"बाहेरून फोन आला की हा लागतो म्हणालात ना? मघापासून लागतोय नि विझतोय. घंटा काही कुठे वाजत नाही."

ओट्यावरच्या फोनची पिन तिनेच बसवली होती. ती मैदान ओलांडून पळत गेली, पिन काढली, डोळ्याजवळ धरली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. सगळे जागच्या जागी. परत लावून धापा टाकत आली तेव्हा प्रफुल्ल लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता.

"वायर बरोबर हाय तुझी. एकच नंबर परत परत येतो. ऐकतो नि ठेवतो. काय दाबतच नाय."

तिने वाकून पाहिलं. "मुकादमाचा नंबर."

प्रफुल्लने काही न विचारता तोच नंबर लावला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. मुकादमाने कुणाला तरी हाक मारली. ट्रॅक्टरचा आवाज, मग धाकट्याचं रडणं, मग आई.

"आये, ठेवतेस का सारखी?"

"काय करू मंग? तिकडं कोन मोठी मॅडम बोलत होती. मी बोलले, माझ्या जिवलीला बोलवा. ती आयकतच नाय, आपलंच बोलते. मला लाज वाटली. शिकलेल्या बाईला कशाला सतवा?"

जिवलीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आये, ती मीच."

"कोन?"

"मॅडम. मीच ती. माझा आवाज भरून ठेवलाय त्यात."

"चल, खोटारडी!"

जिवलीने घसा खाकरला. समोर मॅडम होत्या, प्रफुल्ल होता, तरीही तिने ताठ उभं राहून म्हटलं, "नमस्कार. आमच्या आश्रमशाळेत आपले मनःपूर्वक..." पलीकडे आई खळखळून हसली. मग हसू थांबलं.

"मी वळकलं नाय ग तुला," आई म्हणाली.

जिवली फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने विचारलं, "बाबा काय बोलला?"

"उद्या येतो बोलला तुला न्यायला. मी लय सांगून बघितलं." आई थांबली. "ठेव आता."

"आये..."

"ठेव ग. परत लावते मी. आनि तू उचलू नको. आकडापन नाय दाबायची मी. तुझा बाबा इथंच बसलाय, त्याला आयकवते."

जिवलीने फोन ठेवला. दिवा लागला.

घंटा वाजली नाही. लॅपटॉपवरून फोन मधेच उचलता येतो, म्हणून प्रफुल्लचा हात सवयीने पुढे गेला. "राहू द्या," जिवली म्हणाली. आत काय चाललं असेल ते तिला शब्दन् शब्द माहीत होतं. आता स्वागत. आता कार्यालय. आता मुलींचं वसतिगृह. उत्कर्षा मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

दिवा विझला.

मैदानात पोरं ओरडत होती. प्रफुल्लने पक्कड, पिना, उरलेली वायर पिशवीत भरली, पण तो उठला नाही.

मग दिवा परत लागला. घंटा याही वेळी वाजली नाही.