साडेतीनशे वर्षांचं उष्टं

मंगळवारी सकाळी पोपटाचा पंख गळून पडला.

फ्लोराल्बा इन्सुआस्ती तेव्हा बिशपच्या पलंगाखालची धूळ काढत होती. त्या पलंगावर बिशप शेवटचे झोपले त्याला दोनशे वर्षं होऊन गेली होती. धूळ मात्र रोजची ताजी असे. डोंगरावरच्या पास्तो शहरातल्या त्या तीन खोल्यांच्या संग्रहालयात संचालक, पहारेकरी, तिकीटवाली आणि झाडूवाली अशा चारही जागांवर फ्लोराल्बाच होती. संचालक म्हणून ती झाडूवालीवर कधीकधी नाराज असायची, पण पहारेकरीण मध्ये पडून मिटवायची.

संग्रहालयात नक्षीदार चामड्याच्या खुर्च्या होत्या, त्यांवर बसायला मनाई. चांदीची कड लावलेले नारळाचे पेले होते, त्यांतून प्यायला मनाई. शेगडी होती, ती पेटवायला मनाई. थोडक्यात, ते एक सुरेख घर होतं आणि त्यात राहायला तेवढी बंदी होती.

आणि एक्केचाळीस क्रमांकाची लिहिण्याची पेटी होती.

पेटी हातभर लांब. समोरची फळी खाली पाडली की आत अकरा खण. आतून-बाहेरून बोटभर जागासुद्धा उघडी नव्हती. सगळीकडे मोपा-मोपाच्या झाडाची राळ ताणून केलेले रंगीत पापुद्रे, आणि त्यांतून कापलेली चित्रं: डाळिंबं, गोगलगायी, बासरी वाजवणारं माकड, कान टवकारलेली हरणं. एक वाघही होता, पण करणाऱ्यानं वाघ कधी पाहिला नसावा. त्याचा चेहरा थेट एखाद्या पोक्त नोटरीसारखा होता. पापुद्र्यांखाली चांदीचा वर्ख होता, त्यामुळे खिडकीतलं ऊन जरा सरकलं की सगळे प्राणी श्वास घेतल्यासारखे हलायचे. फ्लोराल्बा नऊ वर्षं रोज सकाळी ती फळी उघडत होती, आणि रोज सकाळी क्षणभर आपण किल्ल्या घेऊन इथं कशाला आलोय हेच तिला आठवत नसे.

त्यात पोपटाचा पंख गळला. नखाएवढा, जाडसर, हिरवा तुकडा. तो तिनं काचेच्या बशीत ठेवला आणि मग राजधानीतून आलेलं पत्र पुन्हा वाचलं. डॉक्टर अबेलार्दो सिफुएन्तेस बुधवारी पेटीची तपासणी करायला येणार होते. एकही तुकडा सुटलेला किंवा गहाळ आढळला, तर पेटी 'सुरक्षिततेसाठी' राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयात हलवण्यात येईल. तिकडे गेलेल्या वस्तू फारच सुरक्षित असतात. इतक्या, की पुन्हा कुणाच्या दृष्टीसही पडत नाहीत.

पत्रात बुधवार होता, त्याचं तिला काही वाटलं नाही. पास्तोच्या विमानतळावर धुकं असतं. बुधवारच्या विमानानं निघालेला माणूस इथं गुरुवारी संध्याकाळी पोचतो. म्हणजे हातात दोन दिवस होते.

बुधवारी सकाळी तिनं डॉन सेगुंदो होहोआंना बोलावलं. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर राळेचंच काम. बरोबर त्यांची धाकटी बहीण डोन्या रोसाउरा आली, कारण पापुद्रा ताणायला दोन तोंडं लागतात. एक कड एकाच्या दातांत, समोरची दुसऱ्याच्या दातांत, उरलेली टोकं हातांत, आणि मग हळूहळू मागे सरकायचं. साठ वर्षांत या भावंडांचं कामाच्या वेळी एकदाही भांडण झालं नव्हतं. भांडायला तोंड मोकळं लागतं.

"दहा गल्ल्यांवर राहता, आणि इथं कधीच आला नाहीत?" फ्लोराल्बानं विचारलं.

"वेळ मिळाला नाही," डॉन सेगुंदो म्हणाले.

"चौऱ्याहत्तर वर्षांत?"

"घाबरतात ते," रोसाउरा म्हणाली. "जुन्यांचं काम आपल्यापेक्षा सरस निघालं तर, म्हणून."

"रोसाउरा, तुम्ही गप्प बसा."

"बसते. दात लागले की हाक मारा."

फ्लोराल्बानं फळी उघडली. डॉन सेगुंदोंनी हॅट काढली. ती ठेवायला ते चामड्याच्या खुर्चीकडे वळले, तशी फ्लोराल्बा खाकरली. मग त्यांनी हॅट काखेत धरली. पास्तोत लोक कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतात, तेव्हा म्हाताऱ्यानं पेटीसमोर किंचित वाकून "कशा आहात?" असं विचारलं, यात विशेष काही नव्हतं. विशेष हे होतं, की त्यानंतर वीस मिनिटं ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

"हरणाच्या कानाची ही कड बघा," शेवटी ते अगदी हळू म्हणाले. "केसाएवढी आहे. खाली रेघ नाही, खूण नाही, नुसतं पातं फिरवलंय. आणि चष्म्याशिवाय."

"चष्म्याशिवाय हे कशावरून?"

"चष्मा असता तर इतकं धाडस झालं नसतं. रोसाउरा, तुमचं खरं निघालं. सरस आहे."

रोसाउरा यावर काहीतरी लागट बोलेल असं फ्लोराल्बाला वाटलं. पण तीही तोंड वासून नोटरीसारख्या वाघाकडे बघत होती.

फ्लोराल्बा दुरुस्तीची नोंदवही आणायला पलीकडच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा बशी रिकामी होती.

"पंख कुठंय?"

डॉन सेगुंदो पेटीकडे टक लावून उभे होते. त्यांचा जबडा मात्र संथपणे, एका लयीत, गवत खाणाऱ्या गाईसारखा हलत होता.

"डॉन सेगुंदो."

"हं?"

"तुमच्या तोंडात काय आहे?"

जबडा थांबला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत हळूहळू जी भीती दाटली, ती पाहून फ्लोराल्बाला आपली भीती बाजूला ठेवावी लागली.

"अरे देवा," रोसाउरा म्हणाली. "अहो बाई, आमच्या वडलांच्या वेळी राळ चघळूनच मऊ करायचे. गरम पाण्याचं नंतर आलं. यांना सहाव्या वर्षापासून ती सवय. राळ हातात आली की तोंडात जाणारच. कळलंही नसेल त्यांना."

"तो एक्केचाळीस क्रमांकाचा भाग आहे! साडेतीनशे वर्षांचा! थुंका आधी!"

"थुंकू नका!" रोसाउरा ओरडली. "इथं केवढा गारठा आहे. आता मऊ झालीय. गार पडली की तडकेल आणि भुगा होईल. आता एकच, ताणायची. लगेच!"

डॉन सेगुंदोंनी हिरवी गोळी दातांशी आणली. रोसाउरानं वाकून तिचं दुसरं टोक दातांत धरलं. दोघं मागे सरकू लागली.

आणि राळ उलगडू लागली. आधी बोटाएवढी, मग हाताएवढी, मग रुमालाएवढी. इतकी पातळ, की तिच्यातून म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरा दिसत होत्या, हिरव्या उजेडात बुडाल्यासारख्या. साडेतीनशे वर्षं लाकडाला चिकटून बसलेली ती वस्तू कालच झाडावरून काढल्यासारखी वागत होती. फ्लोराल्बाच्या अंगावर सरसरून काटा आला. नऊ वर्षं ती लोकांना सांगत होती, की या वस्तू जुन्या आहेत. हे आपल्याला कुणी सांगितलं होतं, ते तिला आठवेना.

"म्म!" रोसाउरा म्हणाली. तिचे डावीकडचे दोन दात गेल्या वर्षी पडले होते, आणि नेमकी तिथली कड सुटत होती.

"म्म!!" डॉन सेगुंदो फ्लोराल्बाकडे बघून म्हणाले.

नियमावलीत वस्तूला हातमोज्याशिवाय स्पर्श करायला मनाई होती. दातांविषयी काहीच लिहिलेलं नव्हतं. फ्लोराल्बा वाकली आणि तिनं एक्केचाळीस क्रमांकाची तिसरी कड चावली. कडू लागली, ओल्या रानासारखी.

एवढ्यात दार वाजलं. दारात छत्री, ब्रीफकेस आणि डॉक्टर सिफुएन्तेस उभे होते. विमान वेळेवर उतरलं होतं. ही शक्यता पास्तोत कुणीच धरत नाही.

"नमस्कार," डॉक्टर म्हणाले. "तपासणीसाठी आलोय. संचालक कोण आहेत?"

तीन डोकी एका हिरव्या रुमालाभोवती जमली होती. त्यांतल्या एकानं भुवई वर केली.

"आपण काय करताय?"

"म्म," संचालक म्हणाल्या.

उघड्या दारातून गार वारा आत आला आणि पापुद्रा कडेनं थरथरला. चौथी बाजू लोंबत होती. तिथून चीर जाणार हे तिघांनाही दिसत होतं. तिघांनी मिळून डॉक्टरांकडे असं पाहिलं, की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ब्रीफकेस खाली ठेवली. दार लावलं. जवळ आले. पापुद्र्याखालून खिडकीचं ऊन वर येत होतं आणि तिघांच्याही चेहऱ्यांवर हिरव्या लाटा चालल्या होत्या.

"हे... जुनं आहे?" त्यांनी विचारलं. उत्तर कुणी देऊ शकत नव्हतं. डॉक्टरांनी टाय खांद्यावर टाकला आणि चौथी कड दातांत धरली.

चार माणसं नाकाला नाक लावून, श्वास आत-बाहेर करत, मिनिटभर तशीच उभी होती. मग डॉन सेगुंदोंनी खिशातून पातं काढलं. पापुद्रा चौघांच्या तोंडांत असतानाच, रेघ नाही, खूण नाही, चष्मा कपाळावर सरकवलेला, त्यांनी हवेतच पंख कापला. तो पोपटाच्या अंगावर टेकवला आणि त्यावर तळवा ठेवून डोळे मिटले. डिंक नाही, खळ नाही. नुसती हाताची ऊब.

तळवा उचलला तेव्हा पोपट पुरा होता.

फ्लोराल्बानं तोंड पुसलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. पंख पडला होता. मग चघळला गेला. डॉक्टरांनी भिंग काढलं, गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ शोधत राहिले.

"कुठला पंख?"

"डावा," फ्लोराल्बा म्हणाली.

"उजवा हो," रोसाउरा म्हणाली. दोघी पोपटाकडे बघू लागल्या आणि दोघींनाही खात्री राहिली नाही.

डॉन सेगुंदो खिडकीशी टेकून उभे होते. "आत मका होता," ते एकदम म्हणाले.

"कशाच्या आत?"

"राळेच्या. कोंड्याचा बारीक कण. जिभेला लागला. करणारा माणूस मक्याची भाकरी खाऊन कामाला बसला असणार. त्यांनीही चघळूनच केलं होतं. मी त्यांचं उष्टं खाल्लं."



"गिळलात?" फ्लोराल्बानं विचारलं.

"छे! राळेतच ठेवला परत. त्यांचा होता तो."

डॉक्टर भिंग हातात धरून तसेच बसून होते. रोसाउरा त्यांच्याकडे वळली.

"डॉक्टरसाहेब, सकाळी काय खाल्लंत?"

"अंडी," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "कांदा घालून."

"मग पुढं कधी हा पंख पडला, तर चघळणाऱ्याला कांदा लागेल."

डॉक्टरांनी पोपटाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. मग त्यांनी ब्रीफकेसमधून तपासणीचा फॉर्म काढला. 'स्थलांतराची शिफारस' या रकान्यापाशी पेन थांबलं आणि फ्लोराल्बाचा श्वासही.

"आमच्याकडे अकरा तज्ज्ञ आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "तापमान नियंत्रित. आर्द्रता नियंत्रित. तिथं पंख पडला, तर चिमट्यानं उचलून पाकिटात घालतील आणि पाकिटाला नंबर देतील." त्यांनी रकान्यात 'नाही' लिहिलं. "आता कारण. बाई, राळेला तोंड लागतं, हे सरकारी भाषेत कसं लिहायचं?"

"स्थानिक हवामान अनुकूल," फ्लोराल्बा म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि फॉर्म तिच्या हातात दिला. मग त्यांनी भिंग पुन्हा काढलं आणि गुडघ्यांवर बसले.

"सरकारी काम झालं," ते म्हणाले. "जरा उजेडातून बाजूला होता का? हे माकड राहिलंय बघायचं."