तलावातल्या निळ्या पायऱ्या आणि आत्याचा पायमोजा

मित्रांनो, एका घराच्या मागच्या अंगणात पोहायचा छोटासा तलाव आहे. त्याच्या उथळ टोकाला फायबरच्या चार जुन्या पायऱ्या आहेत, त्या म्हणजे मी! खरं तर आम्ही चौघी. पण एकाच साच्यातून एकसंध निघालो, म्हणून सरळ 'मी' म्हणते. तेवढीच भांडणं वाचतात.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. साच्याला आधी निळा चकचकीत लेप दिला, त्यावर काचेच्या बारीक तंतूंची चटई अंथरली आणि वरून मधासारखं दाट रसायन चोपडलं. साच्यातून काढून उलटं केल्यावर निळा लेप वर आला. तीच माझी कातडी. काचेचे तंतू तिच्याखाली झाकलेले असतात तोवर मला बळ देतात. उघडे पडले की मात्र बोचतात.

क्रेनने मला छपरावरून उचलून या अंगणात आणलं, तेव्हा सगळं घर माना वर करून बघत होतं. काय तो थाट! त्यानंतरची कितीतरी वर्षं माझ्यावर ओल्या पावलांची नुसती वर्दळ होती. आत्या माझ्या दुसऱ्या पायरीवर ठाण मांडून बसायची आणि घरातल्या एकेकाला पोहायला शिकवायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे या घरातले बाबा, मोठे होऊनही पाण्याला घाबरायचे.

"अरे बाळ्या, सोड त्या पायरीला! ती काय तुझ्याबरोबर पोहायला येणार आहे?"

"ताई, पाणी नाकात जातंय!"

"मग तोंड बंद ठेव. जमिनीवर तर कधी ठेवत नाहीस!"

पुढे बाबांची मुलगी शिकली. ती इतकी पटकन शिकली, की तिचं नाव मासोळीच पडलं. अजूनही ते आवाज आठवले की मला भरून येतं. भरून काय यायचंय म्हणा, मी तर पाण्यातच असते!

हळूहळू माझा निळा रंग उडाला. पांढरट डाग पडले. बाबांना वाटलं, मळ साचलाय. मग दर रविवारी ते तारेचा ब्रश घेऊन मला खसाखसा घासू लागले. किती प्रेमाने घासायचे! आणि प्रत्येक घासणीबरोबर माझी कातडी झिजत होती. शेवटी काचेचे तंतू उघडे पडले.

मग सुरू झाली खाज. तलावातून बाहेर आलं, की जो तो पोटऱ्या खाजवायचा. बाबा म्हणाले, "पाण्यात जंतू झालेत." त्यांनी औषध वाढवलं. खाज थांबेना, म्हणून आणखी वाढवलं, आणि ब्रश तर होताच. मित्रांनो, मला सगळं कळत होतं, पण सांगू कशी?

एकेक जण यायचा बंद झाला. येत राहिली ती फक्त आत्या. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं. काठी कठड्याला टेकवून ती उतरायची, अर्धा तास चालायची आणि लाल झालेल्या पोटऱ्या खाजवत घरात जायची.

एके दिवशी बाबांनी जाहीर केलं, "पुरे झालं! सोमवारी मातीचा ट्रक येतोय. तलाव बुजवून टाकू. छान हिरवळ करू."

आत्याने कठड्याला टेकवलेल्या काठीकडे बघितलं. मग म्हणाली, "हिरवळीवर मला काठी लागेल रे. पाण्यात नाही लागत."

"पण ताई, तुझे पाय बघ ना कसे झालेत!"

आत्याने लाल पोटऱ्या टॉवेलने झाकल्या. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला तोंड नव्हतं.

मला कापून काढायला होडीवाले काका आले. जन्मभर फायबरच्या होड्या दुरुस्त केलेला माणूस! पाणी माझ्या खाली उतरवलं होतं. काकांनी करवत बाजूला ठेवली, माझ्यावर हात फिरवला आणि चटकन मागे घेतला.

"घरात नायलॉनचा पातळ पायमोजा आहे का?"

"माझा आहे," आत्या म्हणाली. "पण तुमच्या पायात चढायचा नाही हो तो!"

काकांनी मोजा हातात चढवला आणि माझ्यावरून फिरवला. दर वितीवर तो अडकत होता, धागे निघत होते. पार चाळण झाली बिचाऱ्याची!

"पाणी चांगलं आहे तुमचं," काका म्हणाले. "या पायऱ्यांची कातडी गेलीय. काचेचे तंतू सुटून पायात घुसतात. यांना घासायचं कोण?"

मासोळीने बाबांकडे बोट दाखवलं. बाबा ब्रश पाठीमागे लपवत होते.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पावलांवर मी जीव टाकला, त्यांनाच मी टोचत होते!

"आठ-दहा दिवस द्या," काका म्हणाले. "तरीही खाज आली, तर हीच करवत घेऊन परत येतो."

बाबांनी ट्रकवाल्याला थांबायला सांगितलं. काकांनी मला वाळवलं, आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासलं, भेगा भरल्या, जिथे फारच झिजले होते तिथे नवी चटई चिकटवली. मग निळ्या लेपाचे दोन हात दिले आणि पाय घसरू नये म्हणून त्यात बारीक रवाळ पूड मिसळली. लेप पक्का होईपर्यंत मला कोणीही शिवायचं नव्हतं. नवी कातडी सुंदर होती. पण तिला या घरातलं एकही पाऊल ओळखीचं नव्हतं. ते दिवस मला फार एकटे गेले.

शेवटी पाणी भरलं. आत्या उतरली, अर्धा तास चालली आणि वर येऊन कठड्यावर बसली. सगळं घर तिच्या पोटऱ्यांकडे टक लावून बघत होतं. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"ताई, खाजतंय?"

"नाही. पण इतके डोळे लावून बसलात, तर सुरू होईल!"

असं म्हणून ती काठी न घेताच पुन्हा माझ्यावरून खाली उतरली, दुसऱ्या पायरीवर बसली आणि पाणी उडवत ओरडली, "बाळ्या, कपडे बदलून ये! बघू अजून पोहता येतं का!"

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जरूर स्वच्छ ठेवा. पण घासण्याआधी एकदा त्यांच्यावरून हळूच हात फिरवून बघा. आम्हाला दुखणं बोलून दाखवता येत नाही. म्हणून कधीकधी आम्ही टोचतो.