माझ्या आखूड पायाखाली

मी एक जुने यंत्र आहे, माणसाचा दम मोजणारे. माणूस नळीत जोराने फुंकतो, माझी सुई कागदी पट्टीवर रेघ ओढते आणि त्याच्या छातीत किती दम उरला आहे ते कळते. घडताना माझा एक पाय किंचित आखूड राहिला. आज सांगणार आहे ते त्या पायाचेच.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे खाणीच्या दवाखान्यात गेली. वर्षातून एकदा प्रत्येक कामगार माझ्यापुढे बसे. दम कमी पडला, तर काम जाई. त्यांच्यात खडकाला भोके पाडणारा एक ड्रिलवाला होता. तपासणीआधी तो तासभर भिंतीला टेकून दम साठवत बसे. तीनदा फुंकायचा नियम होता. शेवटच्या वर्षांत त्याला सात-आठ खेपा लागत.

"पुन्हा फुंक. घरी चार तोंडं आहेत ना?" कंपाउंडर म्हणे.

"सासू धरून पाच. आणि तिचं एकटीचं दोघांएवढं चालतं," तो धापा टाकत म्हणे.

सर्वांत उंच रेघेची पट्टी कंपाउंडर फाइलला लावी आणि 'तंदुरुस्त' असा शेरा मारी. उरलेल्या पट्ट्यांवरही नाव-तारीख असे. त्यांची घडी करून त्याने माझ्या आखूड पायाखाली चिकटवली. माझे डुगडुगणे थांबले.

पुढे खाण बंद पडली. मला सरकारी इस्पितळात आणले. गेल्या महिन्यात तो ड्रिलवाला आला, बायकोच्या खांद्याला धरून. खाणकामगारांच्या छातीच्या आजाराचा सरकारी भत्ता त्याला हवा होता. त्याने एकदाच फुंकले. सुई जेमतेम हलली. डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली.

"आजार आहे, बाबा. पण खाण सोडली तेव्हा तुम्ही तंदुरुस्त होता. म्हणजे हा नंतरचा. भत्ता खाणीतल्या आजाराला मिळतो."

"तेव्हा यांची खरी पट्टी लावली असती, तर घरी बसवलं असतं," बायको म्हणाली.

"तेव्हाही दम कमी होता असा कागद आणा. तीस दिवस आहेत."

"कंपाउंडर वर गेला," तो म्हणाला. "त्याला विचारायला आता मलाच जावं लागेल."



आज तेविसावा दिवस आहे. सफाईवाल्या मावशी मला रोज पुसतात, चारी बाजूंनी, मन लावून. मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. मावशी, पुसताना एकदा मला उचला.